उतलेल्या बायका

आमच्या घरात चमच्यानं जेवणारी एकटी आई. बाकी आम्ही हातानं. पाहुणा आला की वडील त्याला आधीच सांगून टाकायचे, "आमच्याकडं मडम हाय हो, हसू नका." पाहुणा हटकून हसायचा. आईपण हसायची आणि आमटीत चमचा बुडवायची. बोटांना तिखट लागलं असतं तर पानावरून उठून मोरीत पाण्याखाली हात धरून बसली असती, हे पाहुण्याला कोण सांगणार?

लांज्यापासून आत, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या माळाच्या, पायथ्याला आमचं घर. जमीन होती म्हणायची. तिच्यातलं भात शिमग्यापर्यंत पुरलं तर आम्ही देवापुढं नारळ ठेवायचो. वडील मुंबईत एका कँटीनमध्ये होते. कँटीन बंद पडलं आणि ते छातीचं दुखणं घेऊन गावी आले. मुंबईत असलेल्या पुरुषाला गावात भारी मान. तोच कायमचा परत आला की महिन्याभरात लोक त्याच्याकडं बघायचे बंद होतात. वडील पडवीत बसून खोकायचे आणि आई काजूच्या फॅक्टरीत जायची.

ज्यांना काजू फक्त डब्यातला माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते. काजूच्या बीच्या टरफलात तेल असतं, काळं आणि चिकट. ते लागलं की कातडी भाजते, फोड येतात, मग ती कातडी सोलून निघते. ह्याला आमच्याकडं 'उतणं' म्हणतात. बिबा उततो तसा काजू उततो. आई कापणीला होती. एका हातानं बी पात्यात धरायची, पायानं दाबायचं, बी दुभंगली की आतला गर बोटांनी अलगद काढायचा. दिवसभर. कामाला बसायच्या आधी बायका हाताला खोबरेल आणि राख चोळायच्या. त्यानं एवढंच व्हायचं की आज उतायचं ते उद्या उतायचं.

हातमोजे? फॅक्टरीचे मालक, आमचे शेट, सगळ्यांना सांगायचे की मोजे बायकांनाच नको असतात. खोटं नव्हतं ते. मोज्यातल्या बोटांना गर नीट कळत नाही, तो तुटतो, हात मंदावतो. आणि मजुरी किलोवर, त्यातही अख्ख्या गराला भाव जास्त. मजुरी किलोवर ठरवून ठेवायची आणि वर प्रेमानं विचारायचं, "काय गे, मोजे हवेत का?" असं विचारायला शेटचं काय जात होतं?

भाकऱ्या मी थापायचे. पीठ मळायला आईचे हात कधी धड असायचे आणि कधी नसायचे, म्हणून शाळेत असल्यापासून ते काम माझ्याकडं आलं. त्याबद्दल मला कुणाची कीव नको. त्या भाकऱ्या थापून मी कॉलेजात गेले. आमच्या घरातली, आमच्या अख्ख्या वाडीतली पहिली पदवीधर मी आहे, अर्थशास्त्र घेऊन. हे मी जाईन तिथं सांगते, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगते. निकाल बघायला वडील राहिले नाहीत. मिरजोळ्याला औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या ऑफिसात मला नोकरी लागली आणि रत्नागिरीत मी खोली घेतली.

पहिला पगार घेऊन घरी गेले आणि आईला म्हटलं, "आये, आता फॅक्टरी बंद."

"आणि खाऊ काय?"

"मी देते ना."

"लेकीचं खाऊ? गाव तोंडात शेण घालंल माज्या."

"मी मुलगा असते तर?"

"असतीस तर घेतले असते. नायस ना?" असं म्हणून ती राख चाळायला बसली.

अर्थशास्त्राच्या पदवीला ह्याच्यावर उत्तर नाही. लेक म्हणजे परक्याची ठेव, तिचं खाल्लेलं अंगी लागत नाही, हे आईनं तिच्या आईकडून ऐकलेलं. मी रागावले, रडले, एकदा तर पैसे तांदळाच्या डब्यात घालून आले. पुढच्या खेपेला ते माझ्याच पिशवीत तांदळाच्या पुडीखाली सापडले.

मग बायकांच्या खात्यात दर महिन्याला सरकारचे पैसे यायला लागले. निवडणुकीच्या तोंडावर आले, हे काही कुणाच्या डोळ्यांना दिसत नव्हतं असं नाही. चौकाचौकात फलक लागले, त्यांच्यावर नेत्यांचे हात जोडलेले फोटो, जणू ह्यांनी आपली बायको उपाशी ठेवून आमच्या आयांना दिलंय. पण आले ते आले. आणि माझे पैसे विंचवासारखे झटकणाऱ्या आईनं ते सरळ घेतले.

"हे बरे चालतात गं तुला?"

"हे माज्या नावानं येतात. तुजे तुजे हायत."

शेजारची काकी तिथंच होती. नात्यानं चुलत काकी, फॅक्टरीत आईच्या बाजूच्या पात्यावर बसायची, आणि जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "आमी काय मागायला गेलो नाय कोणाच्या दारात. सरपंचाच्या बायकोला येतात, तसे आमाला आले. लाजायचं कशाला?"

सगळ्यांना, कुठलीही अट न घालता, ठरावीक पैसे द्यावेत का, ह्यावर मी कॉलेजात असताना पेपरात उत्तर लिहिलं होतं. बाजूचे मुद्दे, विरुद्ध मुद्दे, शेवटी 'सुवर्णमध्य साधावा'. त्या उत्तरात लाजेचा मुद्दा नव्हता. पुस्तकातही नव्हता. पुस्तक लिहिणाऱ्याला कधी कुणाच्या पुढं हात पसरायला लागला नसावा.

आईनं त्या पैशातून पहिल्यांदा काय केलं? वर्षानुवर्षं ठणकणारी दाढ लांज्याला जाऊन काढून आली. फॅक्टरी मात्र एक दिवस बुडवली नाही. दाढसुद्धा सुट्टीच्या वारी काढली.

हे सांगायचं कारण की त्याच दिवसांत रत्नागिरीच्या एका सभागृहात परिसंवाद झाला, 'सर्वांना विनाअट उत्पन्न : वरदान की शाप?' आमच्या मॅनेजरला खुर्च्या भरायच्या होत्या म्हणून त्यांनी ऑफिसातल्या सगळ्यांना पाठवलं. व्यासपीठावर तिघं होते. एक निवृत्त अधिकारी, एक पुण्याचे प्राध्यापक, आणि तिसरे आमचे शेट! 'महिलांना रोजगार देणारे उद्योजक' अशी त्यांची ओळख करून दिली. मी खुर्चीतच सरळ झाले.

निवृत्त अधिकारी म्हणाले, घाम न गाळता मिळालेला पैसा माणसाला नासवतो. आपल्या कहाण्यांतच सांगून ठेवलंय, उतू नये, मातू नये. फुकटच्या पैशानं माणूस उततो. टाळ्या. शेटनी ते वाक्य तिथंच उचललं. म्हणाले, "अगदी बरोबर साहेब. माझ्याकडच्या बायका उतल्यात. पैसे यायला लागल्यापासून कामावर येत नाहीत. गर काढायला माणूस मिळत नाही." आणखी टाळ्या.

माझी आई त्या दिवशीही पात्यावर बसलेली होती. उतलेल्या हातांनी. काजूवाल्या माणसाला, ज्याच्या फॅक्टरीत हा शब्द रोज दहा तोंडांत असतो, त्याला तो इथं ह्या अर्थानं वापरताना जीभ अडखळली नाही. मला त्याचंच जास्त नवल वाटलं.

पुण्याचे प्राध्यापक बाजूनं बोलले. मला वाटलं, चला, एक तरी आपला निघाला. ते म्हणाले, प्रत्येकाला रोख द्या, गरिबाला निवडीचं स्वातंत्र्य द्या. इथवर छान. पुढं म्हणाले, आणि त्यासाठी रेशन, वसतिगृहं, एसटीच्या सवलती ह्या सगळ्या जुनाट गोष्टी बंद करून ते सगळं एका रकमेत बसवा. ह्या गृहस्थांना आमच्या गावाला येणारी एसटी दाखवायला पाहिजे. सकाळी एक येते आणि संध्याकाळी एक, आली तर. ती बंद झाल्यावर आई त्या निवडीच्या स्वातंत्र्यात बसून लांज्याला जाणार होती काय?

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. सूत्रसंचालक म्हणाले, "ताई, थोडक्यात."

"थोडक्यातच आहे. अधिकारीसाहेबांना विचारायचंय, पेन्शन सुरू झाल्यापासून ते किती आळशी झाले?"

मागं हशा झाला. साहेब रागावले नाहीत, अशा लोकांना रागावायची गरज पडत नाही. म्हणाले, "पेन्शन मी कमावलेली आहे, बाळ."

"आणि आंब्याची बाग? ती तुम्ही खंडानं देता असं आत्ताच म्हणालात."

"ती वडिलोपार्जित आहे."

"म्हणजे त्यासाठी तुम्ही जन्माला आलात, तेवढाच घाम."

सूत्रसंचालकांनी लगेच आभार मानायला घेतले. तिघांना शाल आणि नारळ मिळाला. फुकट.

पण मी तेव्हा गप्प राहिले अशी एक गोष्ट होती, आणि ती विरुद्ध बाजूची होती. त्या वर्षी दिवाळीला शेटनी किलोमागं वाढ दिली नव्हती. बायकांनी विचारलं तर म्हणाले, "आता सरकार देतंय की तुम्हाला." म्हणजे सरकारनं आईच्या हातात ठेवलं ते शेटनी दुसऱ्या हातानं काढून घेतलं. गावातून लांज्याला जाणाऱ्या रिक्षावाल्यानंही भाडं वाढवलं, त्याचंही म्हणणं तेच. ह्या मुद्द्यावर व्यासपीठावरचं कुणी बोललं नाही. विरुद्ध बोलण्यासारखं जे खरं आहे तेच नेमकं सोडून भलतंच बोलायचं, ह्याला विद्वत्ता म्हणत असावेत.

मग सरकारला शंका आली. इतक्या बायका खऱ्या कशावरून? सगळ्यांनी परत अंगठा देऊन ओळख पटवायची, तोवर पैसे थांबलेले. ठरलेल्या मुदतीत नाही पटवली तर नाव कटणार, आणि परत लागेल याची हमी नाही.

आमच्या गावात अंगठ्याचं मशीन किराणा दुकानात होतं. शनिवारी मी घरी होते म्हणून आईबरोबर गेले. रांग होती. आमच्या पुढं एका बागायतदाराची बायको. तिनं अंगठा टेकला न टेकला तोच हिरवा दिवा. मग आई.

"वैनी, जरा दाबून," दुकानदार म्हणाला.

"दाबलाय की."

"पुसून ठेवा."

पदराला पुसून ठेवला. लाल.

"दुसरं बोट. आता हे. आता त्या हाताचं." दहा बोटं झाली. दुकानदारानं आईचा हात उजेडात धरून पाहिला. "वैनी, बोटं हायत तुमची, पण त्यांच्यावर काय नाय."

"शेटनी गराबरोबर सोललीत," काकी मागून म्हणाली. रांग हसली. मग काकीची पाळी आली आणि तिचीही दहा बोटं लाल झाली. तेव्हा रांग हसायची थांबली.

मग ज्याला त्याला वैद्यकी सुचायला लागली. एक म्हणाली, लिंबू चोळ. एक म्हणाली, डोक्यावरून बोट फिरव, केसाचं तेल लागलं की उमटतं. दुकानदारानं पुढच्या घरातून साबण आणला. बागायतदारीणबाई बिचाऱ्या अजून तिथंच होत्या, त्या कळवळून म्हणाल्या, "माझा अंगठा लावून चालतो का?" त्यांचं मन चांगलं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सगळं करून झालं. लाल ते लालच.

फोनवर नंबर येतो तो सांगूनही काम होतं, असं दुकानदार म्हणाला. पण आईच्या ओळखीच्या कार्डाला जोडलेला फोन वडिलांचा. वडील गेले, नंबर बंद झाला आणि कुणा तिसऱ्यालाच मिळाला. नंबर बदलायचा तर काय लागतं? अंगठा.

पुढच्या शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आईला रत्नागिरीच्या कार्डाच्या केंद्रात घेऊन गेले. तिथं डोळा बघून ओळख पटवायचं मशीन होतं, म्हणजे होतं असं त्यांनी सांगितलं. ते बिघडलेलं होतं, दुसरं वरून यायचं होतं. कुठल्या वरून, हे त्यांनाही माहीत नव्हतं. टेबलावरच्या माणसानं आईची बोटं पाहिली आणि विचारलं, "मावशी, काम काय करता?"

"काजू."

"मग महिना-दोन महिने काम बंद ठेवा. कातडी नवी आली की या. तेव्हा लागेल." डॉक्टरनं गोळी लिहून द्यावी तितक्या सहज.

विनाअट! ह्या पैशांना अट नव्हती म्हणे. अट होतीच, फक्त कागदावर लिहिलेली नव्हती. मशीनला आळशी अंगठा पाहिजे होता. जी बाई हातानं काही करत नाही तिचा अंगठा पहिल्या टेकीला लागतो, आणि जिनं बावीस-पंचवीस वर्षं लोकांच्या बर्फीवर लावायचे काजू सोलले, ती खोटी. त्या सभागृहातल्या साहेबांना हे कळलं असतं तर काय म्हणाले असते? फुकट्यांना आळा बसला, म्हणाले असते.

परतीच्या एसटीत आई म्हणाली, "जाऊ देत मेले ते पैसे. आले नव्हते तेव्हा मी काय मेले व्हते?"

"आणि हात? हात जाऊ देत?"

मला माहीत होतं काय होणार. हे पैसे गेले की ती काजू सोडायचा विचारही करणार नाही. माझे घेणार नाही, आणि बोटं पार निकामी होईपर्यंत बिया कापत बसेल. महिनाभर थांबली असती तर दर महिन्याचे हे पैसे वाचले असते. पण थांबायला पैसे पाहिजेत, आणि पैसे मिळायला थांबायला पाहिजे. वर शेटचा नियम असा की आठवडाभर बाई आली नाही तर तिच्या पात्यावर दुसरी बसणार.

त्या संध्याकाळी पडवीत आमचं कडाकडा भांडण झालं. आवाज ऐकून काकी आली. मी तिला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "एकटी बसली तर हिची जागा जाईल. कापणीच्या सगळ्याच बसल्या तर शेट कोणाची जागा कोणाला देणार?"

"सगळ्या कशाला बसतील?" आईनं विचारलं.

"सगळ्यांची बोटं लालच हायत की, बाय. मी रांगेत उभी राहून बगितलंय."

तसंच होतं. साल काढणाऱ्या, निवडणाऱ्या बायकांची बोटं मशीनला लागली होती. कापणीच्या एकजात सगळ्या अडकल्या होत्या. सोमवारी त्यांच्यातली एकही गेली नाही. संप वगैरे शब्द कुणी काढला नाही. त्यांना संप करायचाच नव्हता. शेटच्या मुकादमानं रस्त्यात विचारलं, "का गे, येत नाय?" तर काकी म्हणाली, "बोटं उगवायला बसलोय." गावभर तेच झालं. अमकी कुठं? बोटं उगवायला बसलीय.

आता खायचं काय? श्रावण लागला होता. घरामागच्या परड्यात भाजी होती, मडक्यात कुळीथ होते. तांदूळ मात्र रेशनचा, आणि रेशनलाही अंगठा! पण तिथं कार्डावरच्या घरातल्या कुणाचाही चालतो. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळं माझं नाव अजून आईच्या कार्डावर होतं. मी शनिवारी गेले, अंगठा टेकवला आणि हिरवा दिवा लागला. कीबोर्ड बडवणारा, फायली सरकवणारा, चहाचा कप धरणारा माझा अंगठा. सरकारच्या दृष्टीनं आमच्या घरातली खरी माणूस मी होते.

तांदूळ घेऊन आले. आईनं मुकाट्यानं डब्यात ओतला.

"हा चालतो?"

"हा रेशनचा हाय."

"अंगठा माझा होता."

"अंगठा चालतो," आई म्हणाली, आणि काकी इतकी हसली की तिला ठसका लागला. "लेकीचे पैसे नको, लेकीचा अंगठा मात्र पायजे! घे मंग, कापूनच दे तिला."

बाकीच्या बायकांच्या घरीही असंच चाललं. कुणाचा लेक, कुणाची सून, कुणाची शाळेत जाणारी पोर. ज्यांची बोटं काजूला लागली नव्हती त्यांच्या बोटांवर सगळी घरं जेवली. पुण्याच्या प्राध्यापकांना जुनाट वाटलेल्या त्या रेशनच्या तांदळावर. ते बंद करून रोख दिली असती तर बायका दुसऱ्याच आठवड्यात पात्यावर परत बसल्या असत्या.

शेटनी बाहेरून माणसं आणली. बरी माणसं होती बिचारी, पण नवखी. गरांचे तुकडे पडायला लागले. गणपती तोंडावर आलेले, मुंबईहून अख्ख्या गराची मागणी, आणि शेट पोती भरून पाकळ्या मोजत बसले. मग एका रविवारी त्यांची गाडी आमच्या घरापुढच्या खळ्यात आली. मी घरी होते. हाकेला हाक देत आजूबाजूच्या बायका जमल्या.

शेट खुर्चीवर बसले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, "काय गे, उतलात काय सगळ्या? सरकारचं मिळतं म्हणून काम नको झालं?"

"उतलोयच आमी शेट," काकी म्हणाली आणि दोन्ही पंजे त्यांच्या नाकापुढं धरले. "बगा नीट. आनि सरकारचं मिळत नाय, म्हणून तर बसलोय."

शेट हात बघून मागं सरकले. "मी मोजे देत होतो. तुम्हालाच नकोत."

"किलोवर मोजे?"

"मग कशावर?"

ह्यावर आधी काही ठरलेलं नव्हतं, हे मी तिथं उभी होते म्हणून शपथेवर सांगू शकते. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "रोजावर ठेवा. मोजे घालू आमी."

"रोजावर ठेवलं तर बसून राहाल दिवसभर."

"तुमी बसता तसं?" काकीनं विचारलं.

बायका फिसकन हसल्या. शेटनी माझ्याकडं पाहिलं. सभागृहातला चेहरा त्यांच्या ध्यानात होता. "ही शिकलेली पोरगी तुम्हाला पढवतेय."

"शेट," मी म्हटलं, "मी पढवलं असतं तर ह्या सगळ्या दोन वर्षांपूर्वीच घरी बसल्या असत्या. ह्या घरात माझं कोण ऐकतंय?"

"बघतो मी," म्हणून ते निघाले. गाडी मागं घेताना आमची तुळस जरा हलवून गेले.

त्यांनी बघितलं ते असं. आधी मुकादम आला, मोजे मिळतील पण किलोवरच. बायका उठल्या नाहीत. मग तो परत आला, रोजावर घेऊ पण मोज्यांचे पैसे रोजातून कापू. काकीनं त्याला विचारलं की पात्याचे पैसे कापता का, पोत्यांचे कापता का, आणि त्याला चहासुद्धा दिला नाही. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा त्याच्या हातात मोज्यांचा गठ्ठा होता. मधल्या दिवसांत कुणी डगमगलं नाही असं मी लिहिणार नाही. दोघीजणी मधूनच कामावर गेल्या होत्या, त्यांच्या घरचं दुखणं तसं होतं. त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत. नावं ठेवायची सवय खुर्चीत बसणाऱ्यांना असते.

मुदत संपायच्या आत आम्ही परत किराणा दुकानात गेलो. आईचा उजवा अंगठा लाल. डावा लाल. दुकानदार कंटाळत म्हणाला, "सगळी लावून बगू." डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला हिरवा दिवा लागला. काकीचं कुठलं तरी मधलं बोट लागलं. ती ते सगळ्या दुकानाला दाखवत सुटली.

माझं मत कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते. पैसे सगळ्यांना द्यावेत. त्या निवृत्त साहेबांनाही द्यावेत, त्यांच्या बागेला आणि पेन्शनीला जोडून. कारण 'कोण लायक' हे ठरवायला बसलं की ठरवणारा कायम अशाच माणसाला लायक ठरवतो ज्याचे हात त्याच्यासारखे असतात. पण रेशन काढून देऊ नयेत, एसटी काढून देऊ नयेत, आणि ते दिले म्हणून मजुरी वाढवायची नाही असं म्हणणाऱ्या शेटला सरकारनं विचारायला पाहिजे. सरकार विचारणार नाही. तोवर बायकांना महिनाभर 'येत नाय' म्हणता आलं पाहिजे, मला त्या पैशांचा एवढाच उपयोग दिसतो, आणि तो मोठा आहे. उतण्यामातण्याच्या कहाण्या ज्यांना सांगायच्या आहेत त्यांनी खुशाल सांगाव्यात. ऐकायला खुर्च्या भराव्या लागतात, आमचे मॅनेजर आहेतच.

आईची ओळख पटली आहे आणि तिच्या खात्यात पैसे येतात. फॅक्टरीत कापणीच्या बायकांना रोजावर मजुरी मिळते, मोजे फॅक्टरीचे असतात आणि फाटले की बदलून मिळतात. आई अजून कामाला जाते. तिची बोटं भरून आली आहेत.